आकाशातून वाचलेली माती

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोते हो, एका शहराच्या नावापासून सुरुवात करतो. इराकमध्ये बगदादच्या उत्तरेला, टायग्रिस नदीच्या काठी सामर्रा नावाचं गाव आहे. अब्बासी खलिफा अल्-मुतसिम यानं इसवी सन ८३६ मध्ये बगदाद सोडलं आणि इथं नवी राजधानी वसवायला घेतली. त्याच्या तुर्की फौजेचं आणि बगदादच्या रहिवाशांचं पटत नव्हतं, रोजची भांडणं होती. म्हणून मोकळ्या माळावर, एकेका सरदाराला त्याची छावणी, त्याचा मोहल्ला आखून देत हे शहर उभं राहिलं. तिथल्या टांकसाळीत पडणाऱ्या नाण्यांवर शहराचं नाव असे, ‘सुर्रा मन् रआ’. अरबीत याचा अर्थ, जो पाहील तो हरखेल.

इतिहास वाचताना हे नाव मला प्रथम भेटलं तेव्हा त्यातल्या ‘पाहील’ या क्रियापदावरच मी अडखळलो. कवितेत रमणाऱ्या माणसाला अशी खोड असते. पाहील म्हणजे कुठून पाहील? नदीतून? वेशीतून? मनोऱ्यावरून? कारण या शहराची पुढची हकीकत अशी की, ज्यांनी ते वसवलं त्यांनाही ते पुरतं दिसलं नसेल, आणि ते सबंध दिसायला पुढं हजार वर्षं जावी लागली.

राजधानीचं वैभव फार टिकलं नाही. अल्-मुतवक्किल या खलिफानं तिथं जगातल्या सर्वांत मोठ्या मशिदींपैकी एक मशीद बांधली. तिच्याजवळ ‘मलविया’ हा मनोरा उभा केला. शंखासारखा वर वर निमुळता होत जाणारा, बाहेरून गोल फिरत जाणारी चढण असलेला हा मनोरा सुमारे ५२ मीटर उंच आहे. पण ८९२ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर अवघ्या ५६ वर्षांत, राजधानी पुन्हा बगदादला गेली. दहाव्या आणि अकराव्या इमामांच्या दर्ग्याभोवती थोडी वस्ती राहिली. बाकीचे वाडे, बाजार, बराकी ओस पडल्या. भाजक्या विटा लोकांनी काढून नेल्या. कच्च्या विटांच्या आणि चिखलाच्या भिंती पावसानं विरघळत गेल्या, वाऱ्यानं झिजत गेल्या. उरले ते मातीचे लांबच लांब, बुटके उंचवटे. त्यांच्यामधून चालणाऱ्याला इथं काही होतं एवढंच कळावं, काय होतं ते कळू नये.

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ब्रिटिश फौजांनी बगदाद घेतलं आणि त्या उत्तरेकडे सरकल्या. युद्धासाठी नकाशे हवे होते आणि नकाशांसाठी विमानातून छायाचित्रं घेतली जात होती. लेफ्टनंट कर्नल बीझली हे रॉयल इंजिनिअर्सचे अधिकारी त्या कामावर होते. त्यांच्यासमोर सामर्राच्या परिसराची छायाचित्रं आली आणि त्या निरर्थक उंचवट्यांतून एक आखीव शहर उभं राहिलं. सरळ रेषेत जाणारे रुंद रस्ते, त्यांना काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या, घरांचे चौक, बागांच्या भिंती, कालवे. पुढं हवाई छायाचित्रांच्या अभ्यासातून तिथं घोड्यांच्या शर्यतीची मैदानंही ओळखली गेली. त्यांतलं एक चार पाकळ्यांच्या फुलासारखं आहे. घोडदौड एवढ्या लांबवर जाई की, जमिनीवर उभं राहून त्या वाटेचा आकार लक्षात येणं शक्यच नव्हतं.

बीझली यांनी १९१९ मध्ये या अनुभवावर लेख लिहिला. पुरातत्त्वात विमानाचा उपयोग किती आहे हे ज्या पहिल्या लेखनातून जगाला कळलं, त्यांत त्याची गणना होते. मधल्या काळात, १९१८ मध्ये, त्यांचं विमान पाडलं गेलं आणि ते तुर्कांच्या कैदेत होते. हे मुद्दाम सांगतो, कारण आज आपण ज्या विद्येबद्दल बोलणार आहोत तिचा जन्म कुठल्या शांत अभ्यासिकेत झालेला नाही. ती तोफांच्या माऱ्यात जन्माला आली.

तशी उंचावरून छायाचित्र घेण्याची हौस त्याआधीची. नादार या फ्रेंच छायाचित्रकारानं १८५८ मध्ये पॅरिसजवळ फुग्यातून पहिलं हवाई छायाचित्र घेतलं. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजच्या प्रसिद्ध शिळावर्तुळाची छायाचित्रं १९०६ मध्ये लेफ्टनंट शार्प यांनी दोरानं बांधलेल्या लष्करी फुग्यातून घेतली. सुदानमधल्या जेबेल मोयाच्या उत्खननावर तर हेन्री वेलकम यांनी पहिल्या महायुद्धाच्या आधीच मोठमोठ्या पतंगांना कॅमेरे बांधून ते आभाळात चढवले होते. पण हे सगळे ठाऊक असलेल्या जागांचे फोटो होते. जे ठाऊकच नाही ते वरून सापडू शकतं, हे उमगलं ते युद्धानंतर.

आता प्रश्न असा की, जे जमिनीवरून दिसत नाही ते वरून का दिसावं? यात चमत्कार काही नाही. आपल्या शेतकऱ्याला यातलं निम्मं शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

पहिली गोष्ट सावलीची. मोडलेल्या भिंतीचा उंचवटा वीतभरच असेल, तर भर दुपारी तो दिसत नाही. पण सूर्य उगवताना किंवा मावळताना त्याचीच सावली लांब पडते. त्या वेळी वरून पाहिलं की उंचवट्यांच्या कडा काळ्या रेघांनी आखल्यासारख्या उठतात.

दुसरी गोष्ट पिकाची. जमिनीत कधीकाळी खंदक खणलेला असेल आणि तो पुढं भरून गेला असेल, तर वरून शेत सपाट दिसतं. पण त्या पट्ट्यातली माती खोल, भुसभुशीत आणि ओलावा धरणारी असते. तिथला गहू उंच वाढतो, उशिरापर्यंत हिरवा राहतो. उलट खाली दगडी भिंत गाडली गेली असेल तर मुळांना खाली वाव मिळत नाही. तिथलं पीक खुरटतं, लवकर पिवळं पडतं. बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ‘या पट्ट्यात पीक जोरात येतं’ एवढं कळतं. वरून पाहणाऱ्याला तोच पट्टा वळून चौकोन पूर्ण करताना दिसतो. आणि गंमत अशी की, पाऊस चांगला असेल तेव्हा हे काही दिसत नाही. सगळंच हिरवंगार असतं. पाण्याचा ताण पडला की जमीन आपलं गुपित सांगते. २०१८ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये कडक कोरड पडली. त्या जुलैत अँथनी मर्फी आणि केन विल्यम्स यांनी न्यूग्रेंजच्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या समाधीजवळ ड्रोन उडवले, तेव्हा शेजारच्या शेतात एक भलंमोठं वर्तुळ पिकातून उमटलेलं दिसलं. इतक्या अभ्यासकांच्या आणि पर्यटकांच्या नजरेखालच्या त्या परिसरात ते तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिसरी गोष्ट मातीच्या रंगाची, आणि ही तर आपल्या भाषेतच आहे. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. जिथं माणसं शेकडो वर्षं राहिली, चुली पेटल्या, राख साचली, मातीच्या भिंती पडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, तिथली माती पांढुरकी होते. गाव उठून गेलं तरी पांढर राहते. महाराष्ट्रात जुन्या वस्तीच्या शोधात निघालेला पुरातत्त्वज्ञ गावकऱ्यांना पांढरीचं टेकाड कुठं आहे, असंच विचारतो. नांगरलेल्या काळ्या रानात ती फिकट जागा वरून कशी उठून दिसेल, हे वेगळं सांगायला नको.

या तिन्ही खुणांचं व्यवस्थित शास्त्र ज्यानं मांडलं तो माणूस जन्मानं मुंबईकर होता. ओ. जी. एस. क्रॉफर्ड. १८८६ मध्ये त्याचा जन्म ब्रीच कँडीला झाला. वडील ठाण्याला न्यायाधीश. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई वारली. तीन महिन्यांच्या त्या पोराला आत्याबरोबर इंग्लंडला पाठवलं गेलं आणि आत्यांनीच त्याला वाढवलं. तो आठ वर्षांचा असताना वडीलही इकडे हिंदुस्थानात गेले. पहिल्या महायुद्धात क्रॉफर्ड विमानातून टेहळणी करत असे. १९१८ मध्ये त्याचंही विमान पाडलं गेलं आणि उरलेलं युद्ध त्यानं जर्मनांच्या कैदेत काढलं. १९२० मध्ये ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशे करणाऱ्या सरकारी खात्याचा तो पहिला पुरातत्त्व अधिकारी झाला.

वरून पाहणं म्हणजे काय, हे समजावताना क्रॉफर्डनं मांजराचा आणि गालिच्याचा दाखला दिला होता. गालिच्यावर बसलेल्या मांजराला रंगीत धाग्यांचे पट्टे दिसतात. नक्षी दिसते ती उभ्या असलेल्या माणसाला. गालिचा तोच, फरक डोळ्यांच्या उंचीचा.

स्टोनहेंजकडे जाणाऱ्या प्राचीन रस्त्याचा काही भाग अठराव्या शतकापासून ठाऊक होता, पण पुढं तो शेतांत हरवला होता. हवाई दलानं १९२१ मध्ये घेतलेल्या छायाचित्रांत क्रॉफर्डला त्या हरवलेल्या भागाच्या समांतर रेघा एव्हन नदीकडे जाताना दिसल्या. छायाचित्र दाखवून तो थांबला नाही. १९२३ च्या सप्टेंबरात त्यानं त्या जागी खणून पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे चर होते तिथंच निघाले. सुमारे अडीच किलोमीटरच्या त्या रस्त्याचं नदीशी असलेलं नातं असं पुन्हा जुळलं. पुढं अलेक्झांडर केलर या मुरंब्याच्या व्यापारातल्या श्रीमंत घराण्यातल्या हौशी संशोधकाबरोबर त्यानं १९२४ मध्ये दक्षिण इंग्लंडवर विमानातून पाहणी केली. त्यातून १९२८ चं ‘वेसेक्स फ्रॉम द एअर’ हे पुस्तक आलं.

खणून पाहण्याचं महत्त्व सांगणारी दुसरी गोष्ट त्याच परिसरातली. १९२५ च्या डिसेंबरात स्क्वॉड्रन लीडर इन्सॉल स्टोनहेंजजवळून उडत होता. एका शेतात त्याला वर्तुळ दिसलं, आत पांढरट ठिपके. तोवर ती जागा म्हणजे नांगरटीनं झिजलेलं एखादं मोठं थडगं असावं, अशी समजूत होती. पुढच्या उन्हाळ्यात गहू उभा राहिला तेव्हा तेच ठिपके गर्द हिरवे होऊन ओळीनं उमटले. मॉड आणि बेंजामिन कनिंगटन या दांपत्यानं १९२६ पासून तिथं उत्खनन केलं. प्रत्येक ठिपक्याखाली खड्डा निघाला. लाकडी खांब रोवण्यासाठी खणलेला. एकात एक अशी सहा लंबवर्तुळं. लाकूड चार हजारांवर वर्षांपूर्वी कुजून गेलं होतं, पण खांबाची जागा मातीनं सोडली नव्हती. दगडाच्या स्टोनहेंजवरून त्या जागेला ‘वुडहेंज’ नाव पडलं.

छायाचित्रानं तिथं एक शंका दाखवली. ती खरी की खोटी, हे फावड्यानं ठरवलं. मला या विद्येतली ही शिस्त फार मोलाची वाटते. कारण वरून दिसणारी प्रत्येक रेघ प्राचीन नसते. जुनी पाइपलाइन, बुजलेला पाट, गुरांची वाट, अलीकडेच मोडलेला बांध, यांच्याही तशाच खुणा पडतात. उंचीवर बसलेल्या माणसाला आपल्याला सगळं कळलं असं फार लवकर वाटू लागतं. खाली उतरावं लागतं, मातीत हात घालावा लागतो आणि तिथं राहणाऱ्यांना विचारावं लागतं.

तिथं राहणाऱ्यांवरून एक कथा. १९२० च्या दशकात कैरो ते बगदाद अशी हवाई टपाल सुरू झाली. जॉर्डनच्या काळ्या दगडांच्या वाळवंटावरून उडताना ब्रिटिश वैमानिकांना खाली विचित्र आकृत्या दिसू लागल्या. दोन लांबच लांब बुटक्या भिंती एकमेकींकडे येत येत एका गोलसर आवाराला मिळायच्या. वरून पाहिलं तर शेपट्या असलेले पतंगच. म्हणून त्यांनी नाव दिलं ‘काइट’. फ्लाइट लेफ्टनंट मेटलंड यानं १९२७ मध्ये क्रॉफर्डच्या ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात त्यांच्यावर लेख लिहिला. वैमानिकांना ते नवल होतं. पण बदाऊंना या भिंती चांगल्या माहीत होत्या. त्यांच्याकडे त्यांना एक नावही होतं, म्हाताऱ्यांची कामं. आपल्याकडे जुन्या लेण्याला पांडवांचं काम म्हणतात, तसंच.

हे पतंग म्हणजे शिकारीचे सापळे. हरणांचे कळप त्या लांब भिंतींच्या मधून हाकत न्यायचे. भिंत गुडघ्याएवढीच असली तरी बिथरलेला कळप तिच्या कडेनंच धावतो. शेवटी आवार, आणि आवाराच्या कडेला खोल खड्डे. अरबस्तानापासून मध्य आशियापर्यंत असे सहा हजारांहून अधिक पतंग आज नोंदले गेले आहेत. त्यांतले कित्येक उपग्रहाच्या छायाचित्रांतून सापडले. जॉर्डनमध्ये डेव्हिड केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ पासून तिथल्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून अशा जागांची पद्धतशीर छायाचित्रं घेतली.

तरी ही युद्धाची गोष्ट मनातून जात नाही. जर्मनीच्या टेओडोर वीगांट यांनी पहिल्या महायुद्धात सिनाई आणि नेगेवमधल्या प्राचीन गावांचे फोटो घेतले ते लष्करी विमानांतून. सीरियात पोइदबार नावाच्या जेझुइट पाद्रीनं १९२५ पासून रोमन सरहद्दीचे किल्ले आणि रस्ते हुडकले ते फ्रेंच लष्कराच्या विमानांतून. मध्य आशियातल्या मोहिमांसाठी आपल्याला माहीत असलेले ऑरेल स्टाइन वयाच्या ७६ व्या वर्षी, १९३८ मध्ये, इराकच्या वाळवंटावरून रोमन सीमा शोधत हिंडले ते ब्रिटिश हवाई दलाच्या मदतीनं. ज्या डोळ्यानं खंदकातला शत्रू शोधायचा, त्याच डोळ्याला दोन हजार वर्षांपूर्वीचा खंदकही दिसला. परका मुलूख ताब्यात ठेवण्यासाठी ही विमानं आली होती. हे आपण विसरू नये. आणि त्या विमानांत बसलेल्या काहींनी त्या मुलखाचा भूतकाळ जपून ठेवला, हेही नाकारू नये.

याच गोष्टीचा पुढचा अध्याय अमेरिकेच्या हेरगिरीचा आहे. ‘कोरोना’ हे नाव आज आपल्याला वेगळ्या कारणानं ठाऊक आहे, पण १९६० ते १९७२ या काळात या नावाचे अमेरिकी उपग्रह रशिया, चीन आणि पश्चिम आशियाचे फोटो घेत होते. फिल्मची डबी उपग्रहातून खाली सोडायची आणि पॅराशूटनं उतरत असताना विमानानं ती हवेतच पकडायची, अशी सर्कस होती. १९९५ मध्ये आठ लाखांहून अधिक छायाचित्रं खुली करण्यात आली. रशियाची क्षेपणास्त्रं शोधण्यासाठी घेतलेल्या त्या फोटोंत पुरातत्त्वज्ञांना उत्तर सीरियातल्या वाटा सापडल्या. जेसन उर या अभ्यासकानं त्यांचा बारकाईनं मागोवा घेतला. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या गावांच्या टेकाडांपासून चाकाच्या आऱ्यांसारख्या या वाटा बाहेर पडतात आणि काही किलोमीटरवर रानात विरून जातात. या वाटा कुठल्या सम्राटानं बांधलेल्या नाहीत. घरातून शेताकडे, शेतातून कुरणाकडे रोज जाणाऱ्या माणसांच्या आणि मेंढरांच्या पायांनी जमीन दबत गेली, खोलगट झाली. त्यात पाणी साचून पुढं गवत अधिक हिरवं येऊ लागलं. बस्स, एवढंच. ताम्रपट नाही, शिलालेख नाही. इतिहासात ज्यांचं नाव येण्याची शक्यताच नव्हती, त्या कुणब्या-धनगरांची ही सही आहे. मला विचाराल तर राजवाड्याच्या पायापेक्षा मी या वाटांकडे जास्त वेळ पाहत बसेन.

पण श्रोते हो, यातल्या अनेक वाटा आज जमिनीवर शोधायला गेलात तर मिळणार नाहीत. १९६० नंतर त्या भागात मोठे कालवे आले, ट्रॅक्टर आले, धरणं झाली. जमीन सपाट झाली. सामर्राचंही तसंच. युनेस्कोनं २००७ मध्ये हे शहर जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. नदीच्या कडेनं उत्तर-दक्षिण ४१.५ किलोमीटर पसरलेलं हे स्थळ. त्याचा सुमारे ८० टक्के भाग अजून खणलेलाच नाही. दरम्यान शेती वाढली, नवी वस्ती वाढली आणि अवशेषांचा काही भाग नाहीसा झाला. जिथं आता काहीच राहिलेलं नाही, तिथं काय होतं हे सांगणारा साक्षीदार म्हणजे जुने हवाई फोटो.

सीरियातल्या अपामिया या रोमन शहराचं उदाहरण तर अंगावर येतं. जुलै २०११ मधल्या उपग्रह छायाचित्रात अवशेषांचा माळ शांत आहे. एप्रिल २०१२ च्या छायाचित्रात तोच माळ देवीचे व्रण उठलेल्या चेहऱ्यासारखा आहे. यादवीच्या गोंधळात चोरट्यांनी पुरातन वस्तूंसाठी खणलेले ते हजारो खड्डे. पाल्मिरामधलं बेलचं मंदिर २०१५ च्या ऑगस्टअखेर उडवून दिलं गेलं, तेव्हाही त्याची खात्री जगाला पटली ती उपग्रहाच्या छायाचित्रावरून. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या ऑक्सफर्ड आणि लेस्टर या विद्यापीठांनी मिळून पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या धोक्यात असलेल्या प्राचीन स्थळांची उपग्रह छायाचित्रांवरून नोंद करायला सुरुवात केली. शोध लावण्यासाठी सुरू झालेली विद्या आता पंचनाम्यासाठीही वापरावी लागते आहे. चोरी वरून दिसते, पण वरून थांबवता येत नाही. ती थांबते त्या जागेशेजारी राहणाऱ्यांना ती जागा आपली वाटली तरच.

आपल्या देशात हवाई छायाचित्रणावर संरक्षणाच्या कारणासाठी दीर्घकाळ कडक बंधनं होती, त्यामुळे ही विद्या इथं हळूहळू रुजली. अलीकडे ड्रोन आले आणि चित्र बदलू लागलं. त्याचा आपल्या अगदी दारातला दाखला म्हणजे कोकणातली कातळशिल्पं. रत्नागिरी-राजापूरच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर प्राचीन माणसांनी प्राणी, पक्षी, मासे, माणसं आणि न उलगडणाऱ्या आकृत्या कोरून ठेवल्या आहेत. हा शोध आकाशातून लागलेला नाही. सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायपीट करून, गुराख्यांना आणि गावकऱ्यांना विचारत विचारत तो लावला. पण कशेळीचा हत्ती घ्या. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. त्याच्या आत आणखी कितीतरी प्राणी. त्याच्या पायाशी उभं राहिलं तर कातळात खोदलेल्या रेघा दिसतात. हत्ती दिसतो तो ड्रोननं वरून घेतलेल्या छायाचित्रात. गुराख्याला जागा ठाऊक होती, अभ्यासकाला तिचं मोल कळलं आणि यंत्रानं ते सर्वांना दाखवलं. तिघांपैकी एक जरी वजा केला तरी हिशेब चुकतो. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण सडा म्हणजे पडीक जमीन, असं समजून तिथं चिरेखाणी निघतात, रस्ते जातात. म्हणून प्रत्येक शिल्पाचं नेमकं छायाचित्र आणि नकाशा होणं ही हौस नव्हे, निकड आहे.

कशेळीच्या हत्तीचा फोटो पाहताना कोणालाही प्रश्न पडेल. ज्यानं हे कोरलं, त्याला तरी हे सबंध कुठून दिसलं असेल? त्याच्याजवळ ना फुगा, ना विमान.

याचं उत्तर कोकणात अजून मिळालेलं नाही. पण जॉर्डनच्या वाळवंटात तसल्याच एका प्रश्नाला उत्तर मिळालं आहे. २०२३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय संशोधकगटानं एका दगडाची माहिती प्रसिद्ध केली. जिबाल अल्-खशाबिया या भागात सापडलेला हा दगड ८० सेंटिमीटर उंच, ३२ सेंटिमीटर रुंद आणि ९२ किलो वजनाचा आहे. त्यावर दगडी हत्यारानं कोरलेली आकृती म्हणजे शिकारीच्या त्या पतंगाचा आराखडा आहे. दोन लांब भिंती, आवार आणि कडेचे खड्डे. जमिनीवरच्या खऱ्या पतंगांशी तो ताडून पाहिला तेव्हा प्रमाण जुळलं. म्हणजे तो नुसतं चित्र नाही, मापात काढलेला नकाशा आहे. सौदी अरेबियातही एका मोठ्या शिळेवर असेच दोन पतंग कोरलेले सापडले. जॉर्डनचा दगड इसवी सनापूर्वी सुमारे ७००० चा. माणसानं प्रमाणबद्ध काढलेल्या बांधकामाच्या ज्ञात आराखड्यांत हे सर्वांत जुने.

पावलांनी अंतरं मोजत, कळपांच्या वाटा ध्यानात ठेवत, तो नऊ हजार वर्षांपूर्वीचा माणूस मनानं वर चढला आणि त्यानं आपली भूमी खाली पसरलेली पाहिली. मग तो खाली आला आणि दगडावर ती उतरवली, सोबत्यांना दाखवण्यासाठी. आमचे वैमानिक तिथं १९२० च्या दशकात पोहोचले. म्हाताऱ्यांची कामं, हे बदाऊंनी त्यांना दिलेलं नाव मला त्यामुळं अगदी चपखल वाटतं.